प्रश्न विचारायला शिकवा, खेळ नंतर

फॅसिलिटेटरचं, म्हणजे गावात बैठक चालवणाऱ्याचं, ट्रेनिंग म्हटलं की पहिली सकाळ ओळखीच्या खेळांत जाते, दुपार स्लाइडमध्ये, आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट वाटून ग्रुप फोटो. खेळांशी भांडण नाही. पण आपल्या बेळगाव सीमाभागात गावातली बैठक फसते ती खेळ येत नाहीत म्हणून नव्हे, प्रश्न धड विचारला जात नाही म्हणून.

"गावात पाण्याची समस्या काय आहे?" असं विचारलं की पुढच्या खुर्चीवरून ठरलेलं उत्तर येतं: "पाणी येत नाही." त्याऐवजी "काल नळाला पाणी किती वाजता आलं? भरलं कुणी?" असं विचारून बघा. मग मागून एखादी बाई म्हणते, "येतंय की, पण रातचं दोनला येतंय." म्हणजे दुखणं टाकीचं नाही, वेळेचं आहे.

इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्सच्या लोकांनी रूढ केलेली चार पायऱ्यांची पद्धत हेच सांगते: आधी काय घडलं, मग काय वाटलं, मग त्याचा अर्थ काय, आणि शेवटी काय करायचं. आपल्याकडे थेट चौथ्या पायरीवर उडी असते. ट्रेनिंगमध्ये प्रत्येकाकडून एकाच विषयावर १२ प्रश्न लिहून घ्यावेत, पायरीला तीन. ज्यांचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' येतं ते खोडायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. कंटाळवाणं काम आहे, पण ट्रेनिंगचा खरा पैसा इथेच वसूल होतो.

१८ ते २० जण, दोन प्रशिक्षक, तीन दिवस. यापेक्षा मोठा गट घेऊ नये. निम्मा वेळ प्रत्यक्ष बैठक चालवण्याला हवा. प्रत्येकाला १२ मिनिटं चालवायला आणि ५ मिनिटं अभिप्रायाला धरली तर वीस जणांचे जवळपास पावणेसहा तास होतात. दोन खोल्यांत दोन गट केले की तीन तासांत उरकतं. अभिप्रायात "छान झालं" हा शब्द बंद. "तू प्रश्न विचारलास आणि उत्तर यायच्या आत दुसरा विचारलास," हा अभिप्राय. प्रश्न टाकल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. नवख्याला ती शांतता सोसत नाही आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो.

आता चिंचोके ठेवून गावाची निकड ठरवण्याची रीत. ती पीआरएमधली, म्हणजे गावकऱ्यांनीच आपल्या गावाचा अभ्यास करण्याच्या पद्धतीतली. पीआरए भारतात रुजली ती १९८० च्या दशकाच्या शेवटी, आणि त्यात आपल्याच कर्नाटकातल्या मायराडा संस्थेचा मोठा वाटा. जमिनीवर खडूने पाच चौकोन आखा, प्रत्येकात विषयाचं चित्र: नळ, गटार, रस्ता, दिवा, अंगणवाडी. प्रत्येकीला दहा चिंचोके द्या, हवे तसे वाटून ठेवायला सांगा. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. ग्रामपंचायत अध्यक्षांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी आधी ठेवले की बाकीचे तिथेच पडतात. म्हणून बायकांचा गट वेगळा घ्या, पदाधिकाऱ्यांना शेवटी बोलवा. आणि मोजून आकडा लिहिला की काम संपलं असं समजू नका. "गटारात इतके का?" इथून खरी बैठक सुरू होते. खडूला कमी जागा लागते, पण खानापूरच्या पावसात अंगण विसरा. शाळेची खोली आधीच मागून ठेवा.

निपाणीकडे विडी वळणाऱ्या बायकांना कार्ड आणि स्केचपेन देणं हा शुद्ध वेडेपणा. मजुरी हजारावर, हात थांबला की पैसे थांबले. मांडीवर सूप असू द्या, वळता वळता बोलू द्या. लिहिण्याचं काम तुमच्या जोडीदाराचं. बैठक दुपारी, तासाभराची, त्यांच्याच गल्लीत.

भाषेचा घोळ सगळ्यात मोठा. गावात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा कळतात हे खरं, पण अधिकाऱ्यासमोर ज्याला अस्खलित कन्नड येतं तोच गावाचा आवाज होऊन बसतो. तो दुभाष्या म्हणून उभा राहतो आणि बाईची चार वाक्यं एका वाक्यात गुंडाळतो, वर स्वतःचं मत चिकटवतो. दुभाष्या आधी ठरवा, मत मांडायचं नाही अशी त्याला अट घाला, दोन-तीन वाक्यांनंतर थांबायची सवय लावा. वेळ जवळपास दुप्पट धरा. चार्टवर शब्द दोन्ही लिपींत, जोडीला चित्र. अक्षर तीन-चार सेंटिमीटर उंच, चार्टला सहा-सात ओळी, लाल मार्कर फक्त खुणेला.

कधीतरी कुणीतरी सीमाप्रश्न काढणारच. त्याला गप्प करू नका, वादही घालू नका. भिंतीवर 'नंतर' असं लिहिलेला कागद आधीच चिकटवलेला असावा. त्यावर त्याच्या शब्दांत, त्याच्यासमोर लिहा. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, गटाराच्या बैठकीत निकाल लागायचा नाही, आणि हे त्यालाही ठाऊक असतं. लिहिलेलं दिसलं की माणूस बहुधा बसतो.

जास्त बोलणाऱ्यावर एकच उपाय मला चालताना दिसतो: आधी शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोला म्हणायचं, मग सांगायची सुरुवात त्याच्या विरुद्ध टोकापासून.

शेवटी रजिस्टर. दारातच कोऱ्या पानावर सह्या आणि अंगठे घेण्याची चाल फार आहे. मग वर काय लिहिलं जातं ते कुणालाच कळत नाही. सह्या शेवटी घ्या. ठराव कन्नडमध्ये लिहिला जातो, म्हणून सहीआधी तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवा: काय करायचं, कुणी, कोणत्या तारखेपर्यंत. नाव आणि तारीख नसलेली ओळ असेल तर पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, तिथल्या तिथे ती भरायला सांगा, लोक उठायच्या आत.