गॅलरीतली तार आणि सूर्यावरच्या कमानी

आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायची तार आहे, तिच्यावर पावसाळ्यात एक कावळा येऊन बसतो. तो उडाला की तार तीनचार हेलकावे खाते आणि गप्प होते. परवा चहा घेताना हे बघत होतो आणि एकदम ट्रेसचा तो व्हिडिओ आठवला.

ट्रेस म्हणजे नासाचा छोटासा सॅटेलाइट, एप्रिल १९९८ मधे वर गेला, काम काय तर सूर्याच्या करोनाचे, म्हणजे त्याच्या सगळ्यात बाहेरच्या वातावरणाचे, अतिनील प्रकाशात फोटो काढायचे. करोनात प्लाझ्माच्या (तापून विद्युतभारित झालेल्या वायूच्या) मोठाल्या कमानी असतात, दोन्ही पाय खाली पृष्ठभागात रोवलेले आणि मधला भाग चुंबकीय रेषांवर तोललेला, तापमान दहा लाख डिग्रीच्या पुढे. १४ जुलै १९९८ ला जवळच एक फ्लेअर, म्हणजे ऊर्जेचा स्फोट, उडाली आणि या कमानी चक्क आडव्या हलायला लागल्या. अगदी कावळा उडाल्यासारख्या!

त्यातली एक कमान साधारण १,३०,००० किमी लांब, म्हणजे पृथ्वीला तीन वेढे घालून वर थोडी उरेल. एक हेलकावा २५६ सेकंदांचा. एका हेलकाव्यात लाट या टोकाकडून त्या टोकाला जाऊन परत येते, म्हणजे २,६०,००० किमी, भागाकार करा, सेकंदाला हजार किमीच्या आसपास. मला हे असं कागदावर सुटलं तेव्हा भारी वाटलं होतं, कारण यात सातवीच्या वरचं गणितच नाही.

पुढची गंमत आमच्या तारेवरच बघा. नुसती तार झटझट हलते, तिच्यावर ओली जीन्स टाकली की सुस्तावते, आणि खिळ्याला पीळ देऊन ताणली की परत चपळ होते. म्हणजे वेग ठरतो ताणावर आणि वजनावर. सूर्यावर ताण देतं चुंबकीय क्षेत्र आणि वजन असतं प्लाझ्माचं. प्लाझ्मा किती दाट आहे ते कमानीच्या चकाकीवरून अंदाजे काढता येतं, मग उरलं फक्त चुंबकीय क्षेत्र. नाकारियाकोव्ह आणि ऑफमन या दोघा सौरशास्त्रज्ञांनी २००१ मधे ते काढलं, उत्तर १३ गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), त्यात ९ इकडेतिकडे. एवढी मोठी चूक धरून काय उपयोग असं वाटेल, पण करोनातलं चुंबकीय क्षेत्र थेट मोजणं महाकठीण, उजेड एकदम फिका आणि ज्यांच्यावरून ते मोजतात त्या वर्णपटातल्या रेषा उष्णतेने पसरट झालेल्या. तिथे हलणारी कमान बघून आकडा मिळतोय हेच खूप आहे.

पण खरा घोळ हेलकावे थांबतात यात आहे. ती कमान पंधराएक मिनिटांत बरीच शांत झाली, आणि पाठ्यपुस्तकातला प्लाझ्माचा चिकटपणा धरला तर ती इतक्या लवकर थांबायलाच नको. आता बहुतेक जण म्हणतात की कमानीच्या कडेला दाटपणा हळूहळू बदलतो, तिथला एक थर अख्ख्या कमानीच्याच ठेक्यात हलू शकतो, आणि सगळी ऊर्जा त्या सालीत बारीक पिळांच्या रूपात जिरते. म्हणजे ऊर्जा संपत नाही, नजरेआड होते.

आणि २०१२ पासून उलटंच दिसायला लागलं, काही कमानी जवळ फ्लेअर नसतानाही बारीकबारीक हलत राहतात, थांबतच नाहीत. यावर एक कल्पना अशी की पायथ्याशी प्लाझ्मा संथ वाहतो तो व्हायोलिनच्या गजासारखं काम करतो, गज एकाच दिशेने सरकतोय आणि तार मात्र थरथरतेय. मला ही पटते, सिद्ध झालीय असं नाही.

(जाताजाता, पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेने भारताच्या आदित्य-एल१ या सूर्य बघणाऱ्या यानावरची सूट दुर्बीण बनवली म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पुणेकर बघणार करोना’ वगैरे फिरतं, तर सूट करोनाच्या खालचे थर बघते, करोना बघायचं काम त्याच यानावरच्या, बंगळुरूत बनलेल्या व्हेल्क या उपकरणाचं.)

हे सगळं डोक्यात चालू असताना आई आतून ओरडली, "अरे कावळ्याकडे काय बघत बसलायस, सर आलीये, कपडे काढ आधी!" काढले. मग रिकाम्या तारेवरून थेंब घरंगळत मधे जिथे झोळ पडलाय तिथे जमून टपकायला लागले. सूर्यावरही पाऊस पडतो, कमानीतला प्लाझ्मा मधेच थंड होऊन गोळ्यागोळ्यांनी रेषा धरून खाली येतो, सेकंदाला शंभरएक किमीने. फक्त तिथे झोळ वरच्या बाजूला, त्यामुळे थेंब मधे न जमता दोन्ही पायांकडे पळतात.