जॅकवरचा कॅम्पर डुलू नये म्हणून

कॅम्पर, म्हणजे ट्रकच्या हौद्यात बसणारी राहायची खोली, हौद्यातून काढून चार कोपऱ्यांच्या जॅकवर (खाली-वर होणाऱ्या पायांवर) उभा केला की आत पाऊल टाकताच डुलतो. खापर बहुतेक वेळा जमिनीवर फुटतं. माझ्या अनुभवात खरं कारण असतं जॅकचा लांब बाहेर आलेला पाय. एका टोकाला पक्का धरलेला दांडा दुप्पट लांब झाला की त्याच आडव्या धक्क्याला सुमारे आठपट लवतो. म्हणून ट्रक बाहेर निघाला की मी कॅम्पर लगेच खाली घेतो, जमेल तितका.

उचलण्याआधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करतो. 100 लिटर म्हणजे 100 किलो, आणि तेही हिंदकळणारे. कॅम्परला हौद्याशी आवळून धरणारे ताण आणि विजेची वायर सोडली का, हे दोनदा बघतो. ही चूक फार महाग पडते. प्रत्येक पायाखाली साधारण 30 सेंमी चौरस जाड फळी. मऊ मातीत तीही पुरत नाही, दोन फळ्या आडव्या-उभ्या टाकाव्या लागतात.

चारही जॅक एकदम पळवत नाही. पुढची जोडी 3-4 सेंमी, मग मागची, पुन्हा पुढची. पुढचं नाक, म्हणजे ट्रकच्या केबिनवर येणारा भाग, बोटभर वर ठेवतो, कारण ते झुकलं की भार पुढच्या जोडीवर चढतो. खरी भीती तिरप्या उचलीची: एक कोपरा मागे राहिला की त्याच्यासमोरचा तिरपा कोपराही हलका होतो आणि सगळं वजन उरलेल्या दोन पायांवर येतं. चारही जॅकच्या मोटरी सारख्या वेगाने फिरतीलच असं नाही, म्हणून एका बटणावर भिस्त न ठेवता प्रत्येक टप्प्याला पाणसळ लावतो. ट्रक काढताना दोन्ही बाजूंना माणूस हवा. चाकाने जॅकला ठोकर दिली तर पाय वाकतो.

खाली घेतल्यावर हौद्यात टेकणाऱ्या तळाखाली, आडव्या जाड तुळया किंवा भक्कम घोड्या सरकवतो. दोन्ही बाजूंना हौद्याबाहेर आलेल्या पंखांखाली किंवा नाकाखाली कधीच नाही. तो भाग वजन पेलायला बनवलेलाच नसतो. तळ टेकला की जॅक थोडे सैल करतो, पण जमिनीवरून उचलत नाही. उलटण्याला तेच अडवतात. हात किंवा डोकं तळाखाली घालायचं नाही, तुळया लांब काठीने ढकलायच्या.

एवढं करूनही डोलला तर एका जॅकच्या वरच्या टोकापासून शेजारच्या जॅकच्या तळापर्यंत रॅचेटचे (दातेरी कळीने आवळायचे) पट्टे फुलीसारखे बांधतो. हाताने ताठ, बस. जास्त आवळले तर पायच आत ओढले जातात. दाराची पायरी मात्र जमिनीवर स्वतंत्र ठेवलेली बरी, कॅम्परला लटकणारी नको.