तुम्ही विचारलंत म्हणून: यंदा सॉकाय धरायला मिळणार का?

जून संपत आला की सिएटल-बेलव्ह्यूकडच्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. "बॅलर्डला सॉकाय भरपूर चढतोय म्हणे. मग लेक वॉशिंग्टनचा सीझन उघडणार ना?" सॉकाय म्हणजे सॅमनची एक जात, समुद्रात वाढते आणि अंडी घालायला नदीत परत चढते; आणि सीझन म्हणजे तो धरायला परवानगी असलेले दिवस. विचारणाऱ्यांत पोरांसाठी नुकत्याच गळाच्या काठ्या घेतलेले असतात, तसेच कोकणात मृगाच्या पावसात चढणीचे मासे धरत मोठे झालेलेही असतात. मी सगळ्यांना एकच सांगते: लेक वॉशिंग्टनच्या भरवशावर बसू नका. मासा आला म्हणजे सीझन आला, असं इथे होत नाही.

लेक वॉशिंग्टनचं पाणी समुद्राला मिळतं ते सिएटलमधल्या बॅलर्डच्या लॉक्समधून. बोटी वर-खाली नेणारे हे पाण्याचे दरवाजे १९१७ साली सुरू झाले. त्यासाठी तलावाची पातळी सुमारे ९ फूट उतरवली, तलावाचं पाणी आधी बाहेर नेणारी जुनी ब्लॅक नदी त्यात आटली, आणि सीडर नदी त्याआधीच वळवून तलावात आणली होती. सीडरच्या सॉकायला समुद्रातून घरी यायची ही एकच वाट. माशांसाठी बाजूला २१ पायऱ्यांची शिडी आहे आणि खाली उतरलं की काचेच्या खिडक्या. जुलैत तिथे उभं राहून बघा. सॉकाय अजून लाल झालेला नसतो. चकचकीत चांदीसारखं अंग, निळसर-हिरवी पाठ, आणि पाठीवर-शेपटीवर ठळक ठिपके नाहीत. मध्येच एखादा थोराड चिनूक (सॅमनचीच दुसरी जात) येतो, त्याची शेपटी काळ्या ठिपक्यांनी भरलेली. कुणाच्या कुशीवर सीलच्या दातांचे ओरखडे असतात. प्रवाहाला तोंड करून सगळे जागच्या जागी पोहत राहतात आणि एकदम पुढच्या पायरीवर झेपावतात. मला तिथून लवकर निघवत नाही.

सॉकायची मोजणी इथे १९७२ पासून चालू आहे. राज्याच्या मासे व वन्यजीव खात्याची आणि मकलशूट या इथल्या मूळ रहिवासी जमातीची माणसं १२ जूनपासून मोजायला लागतात. प्रत्येक मासा मोजत नाहीत. ठरलेल्या वेळांना काही मिनिटं शिडीवर आणि लॉक्समध्ये मोजायचं आणि त्यावरून दिवसाचा हिशेब काढायचा. पद्धत वर्षानुवर्षं तीच ठेवल्यामुळे एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येते.

आता सीझनचं गणित. आलेल्या माशांतून आधी अंडी घालायला लागणारे मासे बाजूला काढायचे. उरतील त्यांत अर्धा वाटा मूळ रहिवासी जमातींचा, आणि राहिलेल्यातून आपल्या गळाला. लेक वॉशिंग्टनसाठी पहिली पायरीच कितीतरी वर्षं साडेतीन लाखांची होती. २००६ साली ४ लाखांवर मासा आला आणि सीझन उघडला. त्यानंतर सॉकायसाठी तो तलाव उघडलेला नाही. २०१९ साली मोजणी जेमतेम १७ हजारांवर थांबली, तोवरचा सगळ्यात कमी आकडा. म्हणून एखाद्या दिवशी हजार मासे चढले की लोक हुरळतात, तेव्हा मी वर्षाची एकूण बेरीज विचारते.

त्या बेरजेतला प्रत्येक मासा नदीत पोचतो असंही नाही. सॉकाय जून-जुलैत लॉक्स ओलांडतो, पण सीडरमध्ये शिरतो सप्टेंबर-ऑक्टोबरात. मधले महिने तलावाच्या थंड, खोल पाण्यात उपाशी काढतो. त्या खोल पाण्यापर्यंत जायला लॉक्स आणि तलाव जोडणारा शिप कॅनॉल पार करावा लागतो, आणि उन्हाळ्यात त्याचं पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जातं. सॅमनला ते सोसत नाही. अंगात रोग बळावतात आणि अंडी घालायच्या आतच मोठा हिस्सा मरून जातो. अलीकडे तर काही मासे लॉक्सवरच पकडून, टाकीच्या गाडीत घालून थेट सीडरच्या हॅचरीला, म्हणजे माशांची पिल्लं तयार करायच्या केंद्राला, नेतात. ती हॅचरी २०११ साली उभी राहिली, वर्षाला ३ कोटी ४० लाख पिल्लं सोडता येतील एवढी मोठी. पण अंडी द्यायला मासाच कमी आला तर ती भरणार कशी? शिवाय सोडलेली पिल्लं तलावातले पाइकमिनो आणि बास हे शिकारी मासे गट्ट करतात, रात्री शहराच्या दिव्यांच्या उजेडात तर जास्तच.

"सगळं जमातीवाले घेऊन जातात" हे वाक्य मला आपल्याही लोकांकडून ऐकावं लागतं, आणि ते ऐकून मला राग येतो. १८५४-५५ च्या करारांत या लोकांनी पश्चिम वॉशिंग्टनची जवळजवळ सगळी जमीन दिली आणि आपल्या नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क स्वतःकडे ठेवला. तो हक्क शंभर वर्षांहून जास्त काळ तुडवला गेला. मासे धरले म्हणून लोकांना तुरुंगात टाकलं. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांपैकी अर्धे जमातींचे. आज राज्य आणि जमाती दर वसंतात एकत्र बसून सीझन ठरवतात. ज्या घरांत पिढ्यानपिढ्या सॅमनवर पोट आणि पूजा दोन्ही चालत आली, त्यांच्या वाट्यावर आपण हौशी लोकांनी बोट ठेवायचं हे मला पटत नाही.

"पण अंदाज तर आधीच देतात ना?" देतात. कोहो या सॅमनच्या आणखी एका जातीचे काही नर एक वर्ष आधीच परत येतात, त्यांना जॅक म्हणतात. यंदा जॅक किती आले त्यावरून पुढच्या वर्षीच्या कोहोचा अंदाज बांधतात. तरी समुद्रात काय झालं ते मासा परत येईपर्यंत कळत नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या फ्रेझर नदीत २००९ साली १ कोटीच्या आसपास सॉकाय अपेक्षित होता, आला फक्त १५ लाखांच्या आसपास. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आणि पुढच्याच वर्षी त्याच नदीत अडीच कोटींच्या वर मासा आला! म्हणून मी एप्रिलमधल्या अंदाजावर सुट्टी टाकत नाही.

मग जायचं कुठे? माझा कौल बेकर लेकला. तिथे सगळे सॉकाय खालच्या धरणाखाली पकडतात, मोजतात आणि गाडीने वर नेऊन बहुतेक तलावात सोडतात. तलावात किती मासा सोडला हे खात्याला नेमकं ठाऊक असतं, त्यामुळे जुलैतल्या तिथल्या आकड्यावर विसंबता येतं. दुसरी जागा कोलंबिया नदीवरचं ब्रूस्टर गाव. २०२४ साली त्याच नदीवर खाली असलेल्या बॉनव्हिल धरणावर साडेसात लाखांवर सॉकाय मोजला, १९३८ पासूनच्या मोजणीतला विक्रम. ओकानोगन नदीचं पाणी तापलं की मासा तिच्या तोंडाशी कोलंबियाच्या गार पाण्यात थांबून राहतो आणि गळवाल्यांची चंगळ होते. ही चंगळ मला थोडी टोचते, कारण तीच उष्णता त्याला मारतेही. २०१५ साली बॉनव्हिल चढून गेलेल्या सॉकायपैकी सुमारे अर्धे वाटेतच गरम पाण्याने मेले. विषम वर्ष असेल तर प्युजेट साउंडमध्ये पिंक सॅमन असतो. पोरांना शिकवायला त्याच्यासारखा मासा नाही.

निघायच्या दिवशी सकाळी खात्याचे तातडीचे नियम वाचा, सीझन मध्येच बंद होऊ शकतो. गळाच्या टोकाला उलटा काटा चालतो का, तेही तिथेच बघा. चिनूक किंवा कोहो लागला तर पाठीच्या मोठ्या पराच्या मागे, शेपटीजवळ, छोटा मांसल पर आहे का बघा. कापलेला असेल तर मासा हॅचरीचा. शाबूत असेल तर बहुतेक ठिकाणी सोडून द्यावा लागतो, तोही पाण्याबाहेर न काढता. ठेवलेल्या माशाची नोंद जिथे कार्डावर करायची असते तिथे लगेच करा, घरी जाऊन नाही. आणि बेकरला जाणार असाल तर बोटीची सोय आधी बघा. सॉकाय खोल पाण्यात असतो, काठावरून तो फारसा लागत नाही. बोट अगदी सावकाश चालवायची, पुढे चमकणारा पत्रा आणि मागे छोटे गळ. लेक वॉशिंग्टनला लोक नुसत्या लाल गळावर, आमिषाशिवाय धरायचे. बेकरला मात्र गळाला कोळंबीचा तुकडा लावून बघा.