मधला पाव

रविवारी दुपारी सगळे जेवून आडवे झालेले आणि मी ओट्यापाशी उभी राहून पातेल्यात खळ शिजवत होते. म्हणजे दिसायला अगदी खळच, लहानपणी पतंगाला लावायचो तशी. 20 ग्रॅम मैदा, 100 मिली दूध, मंद गॅसवर ढवळत राहायचं, चमच्यामागे रेघ राहायला लागली की बंद. चिनी भाषेत ह्याला तांगझोंग म्हणतात, आणि जपान्यांचे ते गोडसर, लुसलुशीत मिल्क ब्रेडचे रोल असतात ना, ते ह्याच्याच जिवावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतात. साधारण 65 डिग्रीला मैद्यातला स्टार्च फुगतो आणि ओलावा धरून ठेवतो म्हणे. मला आपला त्या खळीचा वासच आवडला, तापात मिळणाऱ्या पेजेसारखा.

मग 300 ग्रॅम मैदा, अजून 100-110 मिली दूध, 40 ग्रॅम साखर, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, मीठ, ती गार झालेली खळ, आणि सगळ्यात शेवटी 40 ग्रॅम बटर. इथे पोळ्या करणाऱ्या हाताचा घात होतो. पीठ चिकटलं की हात आपोआप डब्याकडे जातो कोरडं पीठ घ्यायला, तो धरून ठेवायचा, बास, एवढंच काय ते कौशल्य. वीस मिनिटं परातीला चिकटून, बांगड्यांत अडकून, मेलं सुटतच नाहीये म्हणून शिव्या घालून झाल्या की मग कधीतरी गोळा एकदम गुळगुळीत होतो, तुकडा ताणला तर न फाटता पातळ पडदा होतो आणि खिडकीपुढे धरला तर पलीकडचा उजेड दिसतो. तो पडदा मी गरजेपेक्षा जास्त वेळ बघत बसते, कबूल. मागच्या वेळी घाईत दूध कढत घातलं होतं, यीस्ट जागच्या जागी गेलं आणि नऊ गोटे तयार झाले. ते चहात बुडवून संपवले, टाकायचे कसे!

आजीचं ठाम मत होतं की पाव पायानं तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे हे तिला सांगायची कुणाची टाप नव्हती. गोवा घेतला 1510 साली, 1543 ला तेच लोक जपानात पोचले, आणि तिथेही ब्रेडला त्यांचाच शब्द चिकटला, 'पान'. म्हणजे माझ्या परातीतला हा जपानी आणि आमच्या सातारच्या बेकरीतला पाव चुलतभाऊच निघाले. आजीला काय त्याचं. पाव स्वैपाकघरात आणायचा नाही, पडवीत बसून खायचा, वर चूळ भरायची. स्वतःला ताप आला की मात्र तोच पाव चहात बुडवून चालायचा. तेव्हा तो औषध असायचा.

पाववाला सकाळी सातला सायकलवरून यायचा, मागे पत्र्याची पेटी. झाकण उघडलं की आधी वाफ आणि मग खारीचा वास, पण आमच्याकडे घ्यायचे ते 6 ची एक लादी, पेपरात गुंडाळलेली, खालच्या बाजूला कधीकधी उलटी अक्षरं उमटलेली. दोन ओळी, तीन-तीनच्या. आता ज्याला कळतं त्याला कळतं, पावात खरी मजा ती जिथे तो शेजारच्याला चिकटलेला असतो त्या बाजूला, तोडल्यावर दोरे दोरे सुटतात तिथे. कोपऱ्यातल्याला अशा बाजू दोनच. मधल्याला तीन. आणि मधला कायम दादाला. का, तर तो अशक्त होता. अशक्त! दोन मजले उड्या मारत चढायचा. वर लादी तोडायचाही तोच, आणि अशा बेतानं तोडायचा की माझ्या पावाचं पांढरं सालासकट त्याच्याकडे जायचं.

हे सगळं मनात धरून मी आठ इंची चौकोनी टिन घेतला असं अजिबात नाही. दुकानात तोच होता. पण त्यात तीन बाय तीन असे नऊ गोळे बसतात, काट्यावर 68-69 ग्रॅमचा एकेक, आणि नवात एक पाव असा असतो की त्याला चारही बाजूंनी शेजार. सहाच्या लादीत हे कधी शक्यच नव्हतं.

गोळे फुगून एकमेकांना टेकले, वरून दूध फिरवलं, 180 ला 22 मिनिटं. वासानं आतली झोप मोडली असणार, कुणीतरी कूस बदलल्याचं ऐकू आलं. वर बटर फिरवलं. दहा मिनिटं तरी थांबायचं असतं, गरम तोडलं तर आत चिकट लागतं. मी चार थांबले. टिनमध्येच बोटं घालून मधला उचलला, चारही बाजूंनी दोरे सुटले, जरा चिकट होता, ओट्यापाशी उभ्यानंच खाल्ला, बशी नाही काही नाही.

लेक उठून आली नि टिनमध्ये डोकावली. मधे भोक का आहे? म्हटलं, ह्यात आठच बसतात.

संध्याकाळी दादाला फोटो पाठवला, बंगलोरला. त्याचं लगेच उत्तर, "मधला कुणी खाल्ला?"

दोन निळ्या खुणा गेल्यात तिकडे. अजून काही लिहिलेलं नाही.