हिल ट्रोल आणि एकट्याचा डेक: माझा अनुभव

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज: द कार्ड गेम’ २०११ साली आला. त्याच्या मूळ खोक्यात तीन सिनारिओ, म्हणजे तीन मोहिमा, आहेत. पहिला शिकण्यापुरता, जवळजवळ कुठल्याही डेकने निघतो. तिसरा एकट्याने खेळणाऱ्यासाठी बनवलाच नसावा असं वाटतं. माझं घोडं अडलं ते मधल्यापाशी, म्हणजे आंदुइन नदीकाठच्या प्रवासापाशी. त्यातही सगळीकडे नाही, फक्त पहिल्याच टप्प्यावर. तिथे हिल ट्रोल नावाचा एक राक्षस बसलेला असतो, आणि त्याला मारल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खेळ सहकारी आहे, समोर माणूस नसतो, शत्रूचा पत्त्यांचा गठ्ठा असतो. आपण तीन हिरो घ्यायचे आणि किमान ५० पत्त्यांचा डेक बांधायचा. एका पत्त्याच्या तीनपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत. प्रत्येक हिरोवर थ्रेटचा, म्हणजे धोक्याचा, आकडा असतो, तिघांची बेरीज ही आपली सुरुवातीची थ्रेट. ती दर फेरीला एकने वाढते, क्वेस्टमध्ये, म्हणजे मोहीम पुढे सरकवताना, कमी पडलो तर आणखी वाढते, आणि ५० झाली की खेळ खलास. हिरो चार स्फिअरमध्ये वाटलेले आहेत: लीडरशिप, टॅक्टिक्स, स्पिरिट, लोअर. ज्या स्फिअरचा पत्ता त्याच स्फिअरच्या हिरोच्या रिसोर्समधून पैसे मोजायचे. बाकी नियम हातात पत्ते घेतल्यावर आपोआप कळतात.

आता ट्रोल. हल्ला ६, बचाव ३, जीव ९, एंगेजमेंट ३०. आपली थ्रेट ३० झाली की तो स्वतःहून अंगावर येतो, तोवर स्टेजिंग एरियात, म्हणजे अजून न भिडलेल्या शत्रूंच्या जागेत, पडून राहतो. तिथे क्वेस्टवर त्याचं ओझं फक्त १ असतं. म्हणून जो तो एकच सल्ला देतो: थ्रेट कमी ठेवा. सल्ला चूक नाही, अर्धा आहे. थ्रेट कमी ठेवून करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

थ्रेट कमी ठेवण्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे नुसते स्पिरिटचे तीन हिरो: एओविन ९, एलेनॉर ७, डुनहेरे ८, बेरीज २४. सहा फेऱ्या निवांत मिळतात. डुनहेरे स्टेजिंग एरियातल्या शत्रूवर तिथल्या तिथे हल्ला करू शकतो, हे वाचून कुणालाही वाटेल की झालं काम. त्याचा हल्ला २, अशा वेळी एक वाढीव, म्हणजे ३. ट्रोलचा बचाव ३. वजाबाकी करा. सहा फेऱ्या त्याला रोज गुदगुल्या करत बसायचं.

बरं, अंगावर आल्यावर एखादा स्वस्तातला साथीदार पुढे ढकलून द्यावा, तर तिथेही पाचर मारून ठेवली आहे. ट्रोलने केलेलं जादा नुकसान आपल्या थ्रेटमध्ये जमा होतं. स्नोबोर्न स्काउटचा बचाव १, जीव १. ६ मधून १ गेला, उरले ५, एकात स्काउट मेला, चार थ्रेटवर. दोन फेऱ्या असं केलं की आठ थ्रेट गेली, आणि ट्रोलला खरचटलेलंही नाही.

मग सगळे सांगतात ती जोडी येते: स्नीक अटॅक आणि गँडाल्फ. जोडी झकास आहे, वाद नाही. गँडाल्फला रीतसर उतरवायला ५ रिसोर्स लागतात, स्नीक अटॅकने एकात येतो आणि फेज, म्हणजे फेरीचा तेवढा भाग, संपली की परत हातात. आल्या आल्या ट्रोलला ४ नुकसान, शिवाय बचाव ४ आणि जीव ४, म्हणजे ट्रोलचा फटका खाऊनही दोनच लागतात. पुढच्या वेळी पुन्हा ४, आणि तेव्हा बचाव दुसऱ्या कुणावर टाकता आला तर गँडाल्फचा स्वतःचा हल्ला ४ वजा ३, एक. चार, चार, एक, नऊ. हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो.

आता त्याची दुसरी बाजू, जी सांगताना सगळ्यांची दातखीळ बसते. मूळ खोक्यात स्नीक अटॅकच्या दोनच प्रती आहेत. गँडाल्फ तीन धरा. सुरुवातीला हातात ६ पत्ते, दर फेरीला एक, म्हणजे पाचव्या फेरीपर्यंत ५० पैकी ११ पत्ते बघायला मिळतात. त्या अकरात दोन्ही असण्याची शक्यता काढली तर जेमतेम २० टक्के येते. म्हणजे पाचातल्या चार खेळांत ही सुप्रसिद्ध जोडी वेळेवर हजरच नसते. मलिगन, म्हणजे पहिला हात एकदा बदलून घेण्याची मुभा, धरून आकडा थोडा सुधारतो, पण थोडाच. हा हिशेब कागदावर मांडल्यावर माझा तो सल्ला ऐकण्यातला रस संपला.

आणि आली तरी खात्री कुठे? एकदा सगळं जुळून आलं होतं. लढाईच्या फेजमध्ये गँडाल्फ उतरला, ट्रोलचा जीव ९ वरून ५ वर, गँडाल्फ बचावाला उभा. शत्रूच्या हल्ल्याबरोबर येणारं शॅडो कार्ड उलटलं तर ‘डिस्पेअर’. बचाव करणाऱ्याचा बचाव धरायचाच नाही. सहाच्या सहा लागले, गँडाल्फ मेला, वर दोन थ्रेट. परत हातात यायचा तो पत्ता सरळ डिसकार्डमध्ये. हेस्टी स्ट्रोक हातात असता तर एका स्पिरिट रिसोर्समध्ये ते शॅडो कार्ड रद्द झालं असतं. म्हणून आत्ताच सांगून टाकतो: ट्रोल अंगावर घ्यायच्या फेरीत एओविनकडे एक रिसोर्स शिल्लक ठेवा. क्वेस्टमध्ये कितीही मोह झाला तरी.

पण माझा खरा राग आहे तो फॉरेस्ट स्नेअरच्या वेळेवर. लोअरचा ३ रिसोर्सचा पत्ता, ज्या शत्रूला लावला तो हल्लाच करू शकत नाही. ट्रोलसाठीच बनवल्यासारखा. फक्त तो आपल्याशी भिडलेल्या शत्रूलाच लावता येतो, स्टेजिंग एरियातल्याला नाही. आणि अटॅचमेंट, म्हणजे असा दुसऱ्या पत्त्याला लावायचा पत्ता, फक्त प्लॅनिंग फेजमध्ये खेळता येते. शत्रू भिडतो एन्काउंटर फेजमध्ये, म्हणजे प्लॅनिंग उरकून गेल्यावर. पाठोपाठ लढाई. म्हणजे तुमच्या हातात फास आहे, खिशात तीन रिसोर्स आहेत, ट्रोल समोर उभा आहे, आणि तरीही एक पूर्ण फटका खाल्ल्याशिवाय फास टाकता येत नाही. एखाद्या कचेरीत अर्ज घेण्याची वेळ आणि शिक्का मारणाऱ्या साहेबांची वेळ मुद्दाम वेगळी ठेवावी, तसा हा प्रकार.

दोघे खेळत असतील तर यातलं काही जाणवत नाही. एकाकडे टॅक्टिक्स असतं, तो फेंट टाकतो, फटका टळतो. एकट्याने तीन हिरोंत टॅक्टिक्सही घ्यायचं, लोअरही, आणि क्वेस्टला एओविनही, तर रिसोर्सची खिचडी होते. म्हणून मी प्रश्नच बदलला. ट्रोलला मारायचं कसं हे बाजूला ठेवलं. तो भिडल्यापासून पुढच्या प्लॅनिंग फेजपर्यंतचा एकच फटका कोण खाणार, एवढ्या प्रश्नाभोवती डेक बांधायला घेतला.

तोवर माझ्याकडे एओविन, थेओड्रेड आणि डेनेथॉर होते, थ्रेट २५. डेनेथॉर शत्रूच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता बघून खाली सारू शकतो, बचावही ३. पण त्याचा जीवही ३. ट्रोलचा फटका सहा. म्हणजे बरोब्बर मरतो.

त्याला काढून बेरावोर आणली. थ्रेट १०, बेरीज २७. कमी थ्रेटवाले नाक मुरडतील, पाचाऐवजी तीनच फेऱ्या मिळतात म्हणून. पण बेरावोर फेरीला दोन पत्ते ओढते. तिन्ही फेऱ्यांत ओढले तर तिसऱ्या फेरीपर्यंत ६ अधिक ३ अधिक ६, म्हणजे १५ पत्ते पाहून होतात. डेनेथॉरबरोबर पाच फेऱ्यांत ११, हिच्याबरोबर तीन फेऱ्यांत १५. त्या स्नीक अटॅक-गँडाल्फ जोडीची शक्यताही २० वरून ३३ टक्क्यांवर जाते. नंतरच्या नियम-दुरुस्तीने तिची ही ओढ फेरीला एकदाच होते, तरी पुरे.

आणि खरी मजा प्रोटेक्टर ऑफ लोरिएनची. एका लोअर रिसोर्सची अटॅचमेंट, हातातला पत्ता टाकून त्या हिरोचा बचाव एकने वाढवायचा, फेजमध्ये तीनदा. बेरावोरचा बचाव २, जीव ४. तीन पत्ते टाकले की बचाव ५. ट्रोलचे सहा, लागला एक. पत्ते टाकायला कुठून आणायचे हा प्रश्नच नाही, तिने ते आधीच ओढून ठेवलेले असतात. नको असलेले पत्ते एओविनलाही उपयोगी पडतात, एक टाकला की तिचं विलपॉवर, म्हणजे क्वेस्टमधली ताकद, चारावरून पाच.

वेळही कशी बसते बघा. पहिल्या फेरीत बेरावोरच्या रिसोर्सने प्रोटेक्टर. दुसऱ्या, तिसऱ्या फेरीत काही खर्च नाही, दोन साठले. तिसऱ्या फेरीत थ्रेट २९ असताना ट्रोलला आपणहून अंगावर घ्यायचं, फटका तिच्यावर. चौथ्या फेरीत तिसरा रिसोर्स आला की प्लॅनिंगमध्ये फॉरेस्ट स्नेअर. चौथ्या फेरीत थ्रेट ३० झाल्यावर तो येणारच होता, आपण त्याला एक फेरी आधी आपल्या सोयीने बोलावलं. अर्थात प्रोटेक्टर आणि स्नेअर दोन्ही आले पाहिजेत. नाही आले तर गँडाल्फची वाट आहेच. दोन वाटा असणं हाच या डेकचा जीव आहे. ट्रोलला घ्यायच्या फेरीत मात्र बेरावोरने पत्ते ओढायचे नाहीत, ओढले तर ती झोपली, म्हणजे त्या फेरीपुरती वापरून झाली, आणि बचावाला कुणी उरलं नाही. अनएक्स्पेक्टेड करेज तिच्यावर असेल तर दोन्ही जमतं, पण जुन्या खोक्यात त्याची एकच प्रत आहे, तिच्या भरवशावर राहू नका.

थेओड्रेडचा वाढीव रिसोर्स बेरावोरला मिळेल असं धरून हिशेब करू नका. तो क्वेस्टवर गेलेल्या हिरोलाच मिळतो आणि ती सहसा मागे असते. जादा रिसोर्स देणारा स्टुअर्ड ऑफ गोंडोर मात्र मिळाला तर डोळे झाकून तिच्यावर. दोन प्रतींपैकी एक पहिल्या हातात येण्याची शक्यता २३ टक्के, मलिगन फक्त त्याच्यासाठीच केला तर ४०. मी करतो.

बांधलेला ट्रोल मारणं त्यामानाने सोपं आहे, घाई नसते. गँडाल्फ उतरला की चार, उरले पाच. मग गँडाल्फ ४, बेरावोर २, सिल्व्हरलोड आर्चर २, वजा ३, झाले पाच. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी ट्रोलचा पत्ता उचलून पाच मिनिटं नुसता हातात धरून बसलो.

पुढचे टप्पे? दुसऱ्यात दर फेरीला एक पत्ता जास्त उघडतो, पण शत्रू आपणहून भिडायला येत नाहीत, हवे ते निवडून घ्यायचे. ब्राउन लँड्स ही जागा दिसली की घाबरू नका. तिची थ्रेट पाच असली तरी ती साफ करायला प्रगतीचं एकच टोकन लागतं. स्नोबोर्न स्काउट टेबलावर उतरवला की तो ते टोकन लावतो, ती तिथेच साफ. मघाशी स्काउटला नावं ठेवली, ती ट्रोलपुरती. नॉर्दर्न ट्रॅकर असेल तर तो क्वेस्टवर जाताना स्टेजिंग एरियातल्या सगळ्याच ठिकाणांना टोकन लावतो. तिसऱ्या टप्प्यात क्वेस्टवर कुणाला पाठवताच येत नाही, फक्त समोरचे शत्रू संपवायचे, तेव्हा तिथे जाण्याआधी एक गँडाल्फ आणि थोडे हल्ल्याचे साथीदार राखून ठेवा. गठ्ठ्यात दुसरा हिल ट्रोलही आहे, हे विसरू नका. दुसरी स्नेअर त्याच्यासाठी.

डेक बरोबर ५० चाच ठेवा. एकावन्नावा पत्ता कितीही लाडका असला तरी नको, वरच्या सगळ्या टक्केवाऱ्या त्याने खाली येतात.

आणि हाच डेक तिसऱ्या सिनारिओत, डोल गुल्डूरमधून सुटकेसाठी नेऊ नका. तिथे सुरुवातीलाच तुमचा एक हिरो चिठ्ठी काढल्यासारखा कैदेत जातो, आणि फेरीला एकच साथीदार उतरवता येतो. बेरावोर गेली की मागे राहते एओविन, आणि तिला टाकायला पत्ते नसतात. त्यासाठी वेगळा डेक लागतो, तो माझा अजून जमलेला नाही.