अक्का, वहिनी आणि भांगेच्या बियांची चटणी

‘गांजाची चटणी विकूलीस काय गं?’ बेळगावच्या खडेबाजारातल्या दुकानदारानं तोंडावर विचारलं. माझ्याआधी अक्काच बोलली. अक्का शहापुरात शेंगाचटणी करते, म्हणजे खरं तर माझी स्पर्धकच. तिनं पिशवीतनं कागद काढला. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे भांगेच्या झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसतं बी त्यात धरत नाहीत. नोव्हेंबर २०२१ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, बी, त्याचं तेल आणि पीठ खाद्य म्हणून अधिसूचित केलं. त्याला अटी आहेत, जसं की बी उगवणारं नसावं, टीएचसी म्हणजे नशा आणणारा घटक मर्यादेत असावा. दुकानदार गप्प. बरण्या ठेवून घेतल्या.

बी येतं उत्तराखंडातनं. तिथं ही चटणी घरोघरी होते. पाठवणारी बाईच आहे. पहिल्या पोत्याचे पैसे तिनं माल खपल्यावर घेतले. इथल्या बँकेनं मात्र ‘भांग’ शब्द वाचूनच फाइल बाजूला सारली. शेवटी पैसे बचत गटानं दिले. त्यातही निपाणीच्या वहिनींनी आधी शब्द टाकला. त्यांच्या सासूबाईंनी जन्मभर विड्या वळल्या. ‘तंबाखू चालतो, नि हे खाल्लेलं चालत नाही होय?’ असं वहिनींनी बैठकीत विचारलं.

बी मंद आचेवर भाजायचं, तडतडलं की लगेच उतरायचं. जरा उशीर झाला की कडू. टरफल कचकचतं म्हणून मी दोनदा चाळते. वर लसूण आणि संकेश्वरी मिरची. पहाडातल्या ताईंना नमुना पाठवला, तर म्हणाल्या, फार तिखट! आता त्यांच्यासाठी कमी मिरचीचा वेगळा घाणा काढते. अक्काच्या मिक्सरवर, कारण माझा लहान पडतो.