एका पडद्यावर तीन चादरी

सोलापुरातील चादर आणि टॉवेल उत्पादकांच्या कॅटलॉगसाठी छायाचित्रे संपादित करताना चित्र एकटे असे कधीच हाती येत नाही. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेले एकच डिझाइन चार-पाच रंगांत निघते. प्रत्येक रंगाची उलगडलेली चादर, तिची घडी आणि विणीचे जवळून घेतलेले छायाचित्र असा संच अक्कलकोट रोड एमआयडीसीतून येतो आणि तो एकाच पानावर शेजारीशेजारी छापायचा असतो. त्यामुळे एका चित्रातील रंग स्वतंत्रपणे बरोबर असून भागत नाही, तो बाकीच्या चित्रांच्या सोबतीतही बरोबर दिसावा लागतो. म्हणूनच विंडोंची मांडणी ही माझ्या मते संपादनाची पहिली पायरी आहे, आणि ती सॉफ्टवेअरच्या मर्जीवर सोडू नये.

फोटोशॉपमध्ये 2008 च्या सीएस4 आवृत्तीपासून चित्रे टॅबमध्ये उघडू लागली. गिम्प या चित्रसंपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एकाच विंडोत काम करण्याची सोय 2012 साली 2.8 आवृत्तीत आली आणि 2.10 पासून ती मुळातच चालू असते. एका चित्रावर सलग काम करायचे असेल, तर टॅब उत्तम आहेत. तुलनेसाठी मात्र ते गैरसोयीचे ठरतात, कारण एक टॅब पुढे आला की दुसरा झाकला जातो आणि मरून रंगाच्या दोन जवळच्या छटांमधील फरक आपल्याला आठवणीवर तोलावा लागतो. सूक्ष्म छटा लक्षात ठेवण्यात माणसाची नजर फार कमी पडते. दोन्ही चित्रे एकाच वेळी समोर असली, तर तोच फरक क्षणात दिसतो.

किती चित्रे समोर ठेवावीत, हे चित्राच्या आकारावरून ठरते. 60 बाय 90 इंचांच्या चादरीचे प्रमाण 2:3 असते. 1920 बाय 1080 पिक्सेलच्या पडद्यावर मेनू आणि शीर्षकपट्टी वजा जाता सुमारे 950 पिक्सेल उंची उरते, म्हणजे उभ्या चादरीला साधारण 633 पिक्सेल रुंदी लागते आणि अशा तीन चादरी पडद्यावर जवळजवळ नेमक्या मावतात. त्यासाठी कीबोर्डवरील टॅब कळ दाबून बाजूचे साधनांचे पॅनल लपवावे लागतात. चौथे चित्र बसवायला दोन ओळी केल्या, तर प्रत्येकाची उंची निम्मी होते आणि नक्षीचे बारकावे हरवतात. म्हणून मी तीनवरच थांबतो: डावीकडे उत्पादकाने मंजूर केलेले चित्र कायम ठेवतो आणि उरलेल्या दोन जागी बाकीचे रंग आळीपाळीने आणतो.

फोटोशॉपच्या ‘विंडो’ मेनूतील ‘अरेंज’मध्ये उभी टाइल मांडणी (चित्रे फरशांसारखी शेजारीशेजारी लावणारी) निवडून ‘मॅच झूम अँड लोकेशन’ केले की सर्व चित्रे एकाच प्रमाणात आणि एकाच जागी दिसतात. पुढे हँड टूलने चित्र सरकवताना शिफ्ट दाबून ठेवली, तर सगळी चित्रे बरोबरीने सरकतात आणि काठाशेजारी काठ तपासता येतो. गिम्पमध्ये चित्रे शेजारी ठेवायची तर ‘सिंगल विंडो मोड’ बंद करून विंडो हाताने लावाव्या लागतात.

विंडोंभोवती कोणता रंग आहे, याकडे फार कमी लोक लक्ष देतात. पॅरिसच्या गोब्लँ या गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी शेजारचा रंग बदलला की मूळ रंगही वेगळा भासतो, हा नियम 1839 साली सविस्तर मांडला. विणकामातून निघालेला तो नियम सोलापूरच्या चादरीच्या छायाचित्राला आजही तंतोतंत लागू पडतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो. लाल चादरीला चिकटून हिरवी चादर ठेवली, तर दोन्ही अधिक भडक दिसतात. म्हणून दोन चित्रांमध्ये तटस्थ राखाडी पट्टी सोडावी. फोटोशॉपमध्ये चित्राबाहेरच्या भागावर उजवी क्लिक करून आणि गिम्पमध्ये ‘व्ह्यू’ मेनूतील ‘पॅडिंग कलर’मधून हा राखाडी रंग निवडता येतो.

टॉवेलच्या घडीची छायाचित्रे आडवी असल्याने ती एकाखाली एक लावण्याचा मोह होतो. परंतु अनेक स्वस्त लॅपटॉपमध्ये टीएन प्रकारचा पडदा असतो आणि त्यावर वरून-खालून पाहण्याचा कोन बदलला की छटाही बदलते. तिथे रंगाचा निर्णय शेजारी ठेवलेल्या चित्रांवरूनच घ्यावा. दोन मॉनिटर असतील, तर तुलनेची चित्रे एकावर आणि पॅनल दुसऱ्यावर ठेवावेत, कारण दोन मॉनिटर एकच रंग सहसा सारखा दाखवत नाहीत.

विणीच्या बाबतीत आणखी एक मांडणी उपयोगी पडते. त्याच चित्राची दुसरी विंडो उघडून एकीत संपूर्ण चादर आणि दुसरीत 100 टक्के झूम ठेवावा. लहान प्रमाणात बारीक विणीवर कधीकधी लहरींसारखे पट्टे दिसतात. ते खरेच चित्रात आहेत की केवळ पडद्यावर, हे 100 टक्क्यांच्या विंडोत लगेच कळते. एकीत केलेला बदल दुसरीत आपोआप उमटतो.

फोटोशॉपमध्ये जतन केलेले वर्कस्पेस पॅनलच्या जागा लक्षात ठेवते, चित्रांची टाइल मांडणी नव्हे. क्रिता या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 2018 च्या 4.1 आवृत्तीपासून उघडलेल्या चित्रांसह संपूर्ण सत्र जतन करता येते. ही सोय फोटोशॉपमध्येही असायला हवी होती. ती येईपर्यंत ‘टाइल’ आणि ‘मॅच झूम अँड लोकेशन’ या दोन्ही आज्ञांना स्वतःचे शॉर्टकट नेमून द्यावेत, म्हणजे नवा संच उघडताच दोन कळदाबांत मांडणी तयार होते.